गाडीत गाण्यांसाठी सॅटेलाइट रेडिओ घ्यावा का? आधी रस्ता बघा, मग पॅकेज

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही पिट्सबर्गला राहता. हॉस्पिटलमधल्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी आठवड्यातून दोन-तीनदा गाडीने वेस्ट व्हर्जिनियात जाता. वापरलेली २०१७ची होंडा सीआर-व्ही घेतलीत, तिच्यासोबत सॅटेलाइट रेडिओची तीन महिन्यांची मोफत ट्रायल मिळाली. मार्चमध्ये सुरू झालेली ती ट्रायल आता संपत आली आहे. तुम्हाला बातम्या, खेळ, गप्पा यातलं काही नको. फक्त गाणी हवीत. त्यात जॅझ, साठ-सत्तरच्या दशकातलं रॉक, आणि आपलं शास्त्रीय व नाट्यसंगीत. पुण्यात तुमच्या घरी वर्ल्डस्पेस हा सॅटेलाइट रेडिओ होता, तसं काहीतरी इथे मिळावं अशी इच्छा आहे. घरचे म्हणतात, हातात फोन आहे की, वर पैसे कशाला? आणि तुम्ही विचारता: सिरियस घ्यावा, एक्सएम घ्यावा की आणखी काही?

मी शेजारच्या ओहायोत गाड्यांमध्ये ऑडिओ बसवण्याचा व्यवसाय करतो. ट्रकवाले, फिरतीवरचे सेल्समन, नर्सेस, तुमच्यासारखे सर्व्हिस इंजिनिअर, अशी दिवसाचे कित्येक तास गाडीत काढणारी मंडळीच माझी मुख्य गिऱ्हाइकं. त्यामुळे हा प्रश्न माझ्या काउंटरवर कायम येतो. उत्तर प्रत्येकाला वेगळं द्यावं लागतं, म्हणून नुसतं हो-नाही न सांगता मी कसा विचार करतो ते सांगतो.

आधी कंपनीचा मुद्दा मिटवू. एक्सएमची सेवा सप्टेंबर २००१मध्ये सुरू झाली, सिरियसची २००२मध्ये. दोघांनी काही वर्षं एकमेकांशी जीवघेणी स्पर्धा केली आणि जुलै २००८मध्ये त्या एक झाल्या. आज अमेरिकेत सॅटेलाइट रेडिओ म्हणजे सिरियसएक्सएम ही एकच कंपनी. दोन नावं अजून ऐकू येतात, कारण जुन्या गाड्यांतली यंत्रं दोन वेगवेगळ्या जाळ्यांची आहेत. होंडा, टोयोटा, जनरल मोटर्स, ह्युंदाई यांनी एक्सएमची यंत्रं बसवली. फोर्ड, क्रायस्लर, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज यांनी सिरियसची. तुमच्या होंडात एक्सएमचं यंत्र आहे आणि ते बदलायची काही गरज नाही. वाहिन्या जवळपास सारख्याच आहेत. चॅनेल शून्यावर गेलात की पडद्यावर रेडिओ आयडी दिसेल. वर्गणी त्या आयडीला जोडलेली असते, माणसाला नाही. तो आयडी आत्ताच लिहून ठेवा, पुढे लागेल.

म्हणजे कोणती कंपनी हा प्रश्न उरतच नाही. उरतं ते इतकंच: तुमच्या रस्त्यावर सिग्नल टिकतो का, तुमचं संगीत तिथे आहे का, आणि सवलत संपल्यावरची किंमत तुम्हाला परवडते का. याच क्रमाने बघा. बहुतेक लोक उलट्या टोकाने सुरुवात करतात, किंमतीवर घासाघीस करतात आणि पहिल्या मुद्द्याकडे बघतच नाहीत.

रस्त्याचं मी जरा विस्ताराने सांगतो, कारण तुमच्या बाबतीत तोच निर्णायक आहे.

हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर, सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर, भूस्थिर कक्षेत असतात. एक्सएमच्या जाळ्याच्या दोन जागा साधारण ८५ आणि ११५ अंश पश्चिम रेखांशावर आहेत. पिट्सबर्गहून पाहिलं तर पहिला जवळजवळ सरळ दक्षिणेला, क्षितिजापासून ४३ अंशांच्या आसपास येतो. दुसरा नैऋत्येला, आणखी खाली, ३१ अंशांच्या आसपास. तुमच्या रेडिओला यातला निदान एक दिसायला हवा. दोन्हींवर कार्यक्रम एकच असतो, पण एकाचं प्रक्षेपण दुसऱ्यापेक्षा काही सेकंद मागे ठेवलेलं असतं. त्यामुळे पुलाखालून जाताना क्षणभर सिग्नल गेला तरी दुसऱ्याकडून ती जागा भरून निघते आणि तुम्हाला कळतही नाही. मोठ्या शहरांत उंच इमारतींमुळे आकाश झाकलं जातं, म्हणून तिथे कंपनीने जमिनीवर रिपीटर, म्हणजे तोच सिग्नल पुन्हा पाठवणारे मनोरे, लावलेले आहेत. म्हणजे शहरात चांगलं ऐकू आलं म्हणून डोंगरातही येईल असं धरून चालू नका. शहरात तुम्ही बऱ्याचदा रिपीटरवर ऐकत असता.

आता तुमचा वेस्ट व्हर्जिनिया. ॲपलाचियन पर्वताच्या रांगा नैऋत्येकडून ईशान्येकडे धावतात. दोन रांगांमधल्या रुंद दरीतून जाणारा रस्ता त्याच दिशेने जातो, आणि दरीचं नैऋत्येचं टोक उघडं राहतं. तिथेच आपला दुसरा उपग्रह आहे. अशा रस्त्यावर रेडिओ बऱ्यापैकी टिकतो. याउलट एल्किन्स गावाहून पूर्वेला जाणारा यूएस-३३ महामार्ग रांगा ओलांडत जातो. तिथे प्रत्येक वळणाला दक्षिणेकडे डोंगराची भिंत येऊ शकते आणि गाणं तुटतं. अरुंद घळीत, ज्याला तिथले लोक हॉलो म्हणतात, तिथे तर आशाच सोडा. आय-७७वरच्या ईस्ट रिव्हर माउंटनसारख्या मैलभराच्या बोगद्यातही तेच; दोन उपग्रहांमधलं ते काही सेकंदांचं अंतर तिथे पुरत नाही.

झाडांचं वेगळं. हा सिग्नल २.३ गिगाहर्ट्झच्या आसपासचा असतो आणि पानांमधलं पाणी तो शोषून घेतं. तुमची ट्रायल मार्चमध्ये सुरू झाली तेव्हा तिथली झाडं निष्पर्ण होती. मेमध्ये पालवी भरली. म्हणून मार्चमधल्या ऐकण्यावरून मत बनवू नका. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत त्याच रस्त्यांवर किती तुटलं, ते खरं. आत्ताचा अनुभव ऑक्टोबरपर्यंत असाच राहील, पानगळीनंतर सुधारेल.

पावसाची मात्र काळजी नको. भारतात जोराचा पाऊस आला की डीटीएचचं चित्र जातं, त्यामुळे आपल्या लोकांना वाटतं इथेही तसंच होणार. डीटीएच ११-१२ गिगाहर्ट्झच्या कु-बँडवर चालतं आणि पावसाचे थेंब त्या लहरींना चांगलेच अडवतात. २.३ गिगाहर्ट्झला पावसाचा त्रास नगण्य. टपावरच्या माशाच्या पंखासारख्या अँटेनावर ओला बर्फ साचला तर तो झटकून टाका, आणि टपावर सायकल किंवा सामानाची पेटी बांधली असेल तर ती अँटेनाच्या अगदी लगत येणार नाही असं बघा. इतकं पुरे.

आता घरच्यांचा मुद्दा, फोन आहे की. पिट्सबर्गपुरतं म्हणाल तर ते अगदी बरोबर आहेत. शहरात आणि मोठ्या हायवेवर फोनवरून गाणी ऐकणं सोपं, निवडीचं आणि बहुतेकदा जास्त चांगल्या आवाजाचं असतं. डेटाही फार लागत नाही: १२८ किलोबिटच्या प्रवाहाला तासाला साधारण ५८ मेगाबाइट, ३२० किलोबिटला १४४. पण तुमच्या कामाच्या भागात एक खास गोष्ट आहे. वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीन बँकच्या रेडिओ दुर्बिणीला बाहेरच्या रेडिओ लहरींचा उपद्रव होऊ नये म्हणून १९५८ साली तिथे नॅशनल रेडिओ क्वाएट झोन आखला गेला. सुमारे १३,००० चौरस मैलांचा हा प्रदेश आहे आणि दुर्बिणीच्या जवळच्या भागात मोबाइलचा सिग्नल मिळतच नाही. बाकीच्या डोंगराळ काउंट्यांतही टॉवर विरळ आहेत. तिथे फोनवरचं थेट स्ट्रीमिंग बंद पडतं. सॅटेलाइट रेडिओचं यंत्र फक्त ग्रहण करतं आणि त्याला वरचं आकाश हवं, जवळचा टॉवर नको. त्यामुळे मोकळ्या दरीत ते चालू राहतं. सॅटेलाइट रेडिओसाठी पैसे मोजण्याचं एवढं ठोस कारण माझ्या बहुतेक शहरी गिऱ्हाइकांकडे नसतं. तुमच्याकडे ते आहे.

अर्थात फोनवर आधी उतरवून ठेवलेली गाणी कुठल्याही दरीत वाजतात. तेव्हा खरी तुलना सॅटेलाइट रेडिओ आणि घरून भरून नेलेला फोन यांची करायला हवी. यात माणसाचा स्वभाव येतो. काहींना आदल्या रात्री बसून निवड करायला आवडतं. काहींना गाडी सुरू केली की कोणीतरी जाणत्याने निवडलेलं, आपल्याला माहीत नसलेलं काहीतरी कानावर पडावं असं वाटतं. लांबच्या एकट्या प्रवासात या दुसऱ्या गोष्टीची किंमत फार मोठी असते, असं माझं मत आहे. स्वतःचीच यादी चौथ्या तासाला कंटाळवाणी होते. अनोळखी वादकाचा तुकडा, त्यामागून निवेदकाने सांगितलेलं नाव, मग घरी येऊन त्याचा शोध घेणं, हा रेडिओचाच आनंद आहे. तुम्ही वर्ल्डस्पेसची आठवण काढलीत त्याअर्थी तुम्ही या दुसऱ्या गटातले असावेत असा माझा अंदाज आहे.

आवाजाच्या दर्जाबद्दल स्पष्ट बोलतो, कारण जाहिरातीत ‘डिजिटल’ हा शब्द वाचून लोक सीडीची अपेक्षा करतात. या सेवेच्या प्रत्येक जाळ्याला हवेतली १२.५ मेगाहर्ट्झची जागा मिळालेली आहे. त्यातला मोठा भाग एकच कार्यक्रम दोन उपग्रह आणि रिपीटर यांच्यामार्फत पुन्हा पुन्हा पाठवण्यात खर्च होतो, नाहीतर चालत्या गाडीत तो टिकणारच नाही. प्रत्यक्ष कार्यक्रमांसाठी उरतात सेकंदाला सुमारे चार मेगाबिट, आणि तेही शंभराहून अधिक वाहिन्यांत वाटायचे. म्हणजे एका गाण्याच्या वाहिनीच्या वाट्याला शंभर किलोबिटही येत नाहीत. सीडीचा दर १,४११ किलोबिट असतो. आधुनिक कॉम्प्रेशनमुळे हे कानाला सुसह्य होतं, पण हरवायचं ते हरवतंच. ड्रमच्या झांजांचा आवाज वाळू चाळल्यासारखा येतो, पियानोच्या सुराची शेवटची आस लवकर विरते, टाळ्यांचा कडकडाट पाण्यासारखा वाहतो. तानपुऱ्यासारखं भरगच्च स्वरसंगतीचं वाद्य तर अशा दरात सपाट होऊन जातं.

ताशी ६५ मैलांनी जाताना टायरचा आणि वाऱ्याचा आवाज यातलं बरंचसं झाकतो. घरी चांगल्या स्पीकरवर हेच लावलं तर लगेच कळेल. म्हणून सॅटेलाइट रेडिओ चांगला वाजावा एवढ्यासाठी नवे स्पीकर किंवा ॲम्प्लिफायर घालायला मी कोणालाच सुचवत नाही. स्रोतातच जे नाही ते स्पीकर आणून देत नाहीत, उलट दोष ठळक होतात. गाडीतला ट्रेबल एक-दोन घरं खाली आणा, बास शून्यावर ठेवा. होंडात वेगानुसार आवाज आपोआप वाढवणारी एसव्हीसी नावाची सेटिंग आहे, ती ‘लो’वर ठेवा. एवढ्याने ऐकणं बरंच सुखाचं होतं.

इथे आत्तापर्यंतचा हिशेब मांडतो. मोबाइल नसलेल्या मोकळ्या दऱ्यांत सॅटेलाइट रेडिओ तुम्हाला उपयोगी आहे. रांगा ओलांडणाऱ्या आणि दाट झाडीच्या रस्त्यांवर तो तुटेल. आवाज प्रवासापुरता चांगला, घरी बसून मन लावून ऐकण्याजोगा नाही. आता बघू तुमचं संगीत.

जॅझसाठी ‘रिअल जॅझ’ ही वाहिनी मला मनापासून आवडते. जुन्या-नव्याचा तोल आहे, निवेदक वादकांची नावं सांगतात. ‘वॉटरकलर्स’ही जॅझच्या नावाखाली येते, पण ती गुळगुळीत, मागे वाजत राहणाऱ्या संगीताची, तुम्हाला बहुधा ती पटणार नाही. रॉकमध्ये ‘क्लासिक व्हाइनिल’वर साठ-सत्तरमधली प्रसिद्ध गाणी येतात आणि ‘डीप ट्रॅक्स’वर त्याच काळातली कमी ऐकलेली. नेमका फरक इथेच पडतो. प्रसिद्ध गाण्यांच्या आणि दशकांच्या वाहिन्यांवर तीच गाणी ठराविक काळाने परत येतात. आठवड्यातून तीन दिवस चार-चार तास ऐकणाऱ्या माणसाला ते महिन्याभरात जाणवू लागतं. एका प्रकाराला वाहिलेल्या वाहिन्यांचा साठा खोल असतो. म्हणून ट्रायलमध्ये उरलेल्या दिवसांत ‘डीप ट्रॅक्स’ आणि ‘बी. बी. किंग्ज ब्लूजव्हिल’ जरूर लावा. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातून जाताना ‘ब्लूग्रास जंक्शन’ एकदा तरी ऐका. बँजो, मँडोलिन, फिडल यांचं ते संगीत याच पर्वतरांगांच्या परिसरातलं आहे, आणि वाद्यांची सवाल-जवाबाची पद्धत आपल्या कानाला चटकन जवळची वाटते.

संगीताच्या वाहिन्यांवर जाहिराती नसतात, ही खरोखर मोठी सोय आहे. एक मात्र तपासून घ्या. जाहिरातीत दिलेल्या वाहिन्यांच्या आकड्यात इंटरनेटवरूनच मिळणाऱ्या वाहिन्याही धरलेल्या असतात. २०१८मध्ये काही गाड्यांत ‘३६०एल’ नावाचं यंत्र आलं, ते उपग्रह आणि इंटरनेट दोन्ही वापरतं. तुमची गाडी त्याआधीची आहे. तेव्हा तुमच्या डॅशबोर्डवर जी वाहिनी दिसते तीच तुमची, बाकीच्या फोनच्या ॲपवर. आणि ॲप चालायला पुन्हा मोबाइलचा सिग्नल लागणारच.

आता शास्त्रीय आणि नाट्यसंगीत. तुमच्या गाडीतल्या यंत्रावर मराठी संगीताची वाहिनी नाही, हिंदुस्तानी शास्त्रीय संगीताचीही नाही. ‘सिम्फनी हॉल’ आहे, ती पाश्चात्त्य अभिजात संगीताची. म्हणजे तुमच्या आवडीचा निदान तिसरा हिस्सा या सेवेबाहेर राहणार. त्या हिश्शासाठी पैसे मोजू नका आणि तो इथे मिळेल या आशेवरही राहू नका.

वर्ल्डस्पेसशी तुलना तुम्ही केलीत म्हणून थोडं त्याबद्दल. नोआ समारा या इथिओपियात जन्मलेल्या माणसाने १९९०मध्ये ती कंपनी उभी केली. आफ्रिकेसाठीचा आफ्रिस्टार उपग्रह १९९८मध्ये गेला, आशियासाठीचा एशियास्टार २००० साली. एक्सएमच्या सुरुवातीच्या भांडवलात वर्ल्डस्पेसचाही वाटा होता, त्यामुळे तुमच्या होंडातलं यंत्र आणि पुण्याच्या घरातला तो डबा यांचं लांबचं नातं आहेच. एशियास्टार १०५ अंश पूर्वेला होता. पुण्यातून अँटेना पूर्व-आग्नेयेकडे तोंड करून ठेवावा लागे, आणि ज्यांच्या खिडक्या फक्त पश्चिमेला, त्यांची पंचाईत होई. त्यावरची ‘गंधर्व’ ही शास्त्रीय संगीताची वाहिनी ऐकणारे लोक आजही तिच्याविषयी हळहळून बोलतात, आणि ते स्वाभाविक आहे. दिवसभर रागसंगीत, वेळेला धरून, जाहिरातींविना, ही चीज दुर्मिळच. २००८च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३१ डिसेंबर २००९ला भारतातली सेवा बंद झाली. घराघरांतले डबे त्या दिवसापासून निकामी झाले, कारण ते दुसऱ्या कोणाचंही काही पकडू शकत नव्हते.

हे सांगण्यामागे व्यवहाराचा मुद्दा आहे. सॅटेलाइट रेडिओचं यंत्र एकाच कंपनीचं ऐकतं. तुमच्या गाडीत ते आयतंच बसवलेलं आहे, तेव्हा तुमचं काही अडकत नाही. पण कोणी मित्र बाजारातून जुना, वापरलेला वेगळा रिसीव्हर घेऊन गाडीत लावायचं म्हणत असेल तर त्याला थांबवा. आधी त्याचा रेडिओ आयडी मागवून घेऊन तो अजून चालू करता येतो का हे कंपनीला विचारायचं, मग पैसे द्यायचे. आणि असा सुटा रिसीव्हर बसवायचाच तर एफएम ट्रान्समीटरवरून जोडू नका. आधीच पातळ आवाज आणखी बिघडतो. ऑक्सची, म्हणजे थेट ऑडिओ जोडणीची, वायर घाला आणि चुंबकाची अँटेना टपाच्या मधोमध ठेवा.

आपल्या संगीतासाठी मी गिऱ्हाइकांना दोन गोष्टी सुचवतो. पहिली, आकाशवाणीचं ‘न्यूजऑनएअर’ ॲप. त्यावर मुंबई, पुणे, नागपूर अशी मराठी केंद्रं लागतात, आणि ‘रागम’ ही चोवीस तास शास्त्रीय संगीताची वाहिनीही. ती २६ जानेवारी २०१६ला सुरू झाली. वेळेचा फरक ध्यानात घ्या. उन्हाळ्यात पिट्सबर्ग भारताच्या साडेनऊ तास मागे असतं. तुम्ही सकाळी सात वाजता निघता तेव्हा तिथे दुपारचे साडेचार वाजलेले असतात, त्यामुळे सकाळचे राग तुमच्या सकाळी लागतीलच असं नाही. संध्याकाळी सात-साडेसातला परतताना तिथली पहाट असते. हे ॲप इंटरनेटवर चालतं, म्हणून शहरात आणि हायवेवरच. दुसरी गोष्ट, डोंगरासाठी फोनवर उतरवून ठेवलेल्या मैफिली. ख्यालाला हेच माध्यम शोभतं. चाळीस मिनिटांचा विलंबित ख्याल दर वळणाला तुटला तर ऐकण्यात अर्थ नाही, आणि रेडिओने तो मधूनच कापलेला तर त्याहून वाईट. उतरवताना ॲपमधला सर्वांत वरचा दर्जा निवडा. तानपुरा परत तानपुऱ्यासारखा ऐकू येईल.

पिट्सबर्गच्या आसपास असाल तेव्हा साधा एफएम विसरू नका. डब्ल्यूवायईपी ९१.३वर निवडून लावलेलं संगीत असतं, डब्ल्यूक्यूईडी ८९.३वर अभिजात, आणि डब्ल्यूझेडयूएम हे तर जॅझचंच केंद्र. ही श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणारी केंद्रं आहेत, वर्गणीची सक्ती नाही. चांगल्या सिग्नलच्या टप्प्यात त्यांचा आवाज मला सॅटेलाइटपेक्षा मोकळा वाटतो. तुमच्या प्रवासाचा पहिला तास त्यांच्यावर खुशाल घालवा.

शेवटी पैसा. सर्वांत मोठं पॅकेज सर्वांत महाग असतं. त्यात खेळ, टॉक शो, बातम्या सगळं असतं, जे तुम्हाला नको आहे. फक्त गाण्यांचं लहान पॅकेज मागा. फोनवरचा कंपनीचा माणूस मोठ्या पॅकेजची सवलत पुढे करेल, कारण पहिल्या वर्षी त्याची किंमत लहान पॅकेजइतकीच भासते. तुम्ही ‘वर्षानंतर पूर्ण किंमत किती?’ एवढाच प्रश्न विचारा आणि त्या आकड्यावर निर्णय घ्या. ॲपपुरती वर्गणी याहून स्वस्त असते, पण ती घेऊन तुमचा डोंगरातला प्रश्न सुटत नाही, म्हणून तुमच्यासाठी ती नको.

बिलावर ‘यू.एस. म्युझिक रॉयल्टी फी’ नावाची वेगळी ओळ असेल. लोकांना तो सरकारी कर वाटतो. तो कर नाही, कंपनीने २००९पासून लावलेला आकार आहे. त्यामागचं कारण मात्र खरं आहे. अमेरिकेत साधं एफएम केंद्र गाणं वाजवताना गीतकार-संगीतकाराला पैसे देतं, पण गायक-वादकांना आणि ध्वनिमुद्रण कंपनीला देत नाही. १९९५च्या कायद्याने डिजिटल माध्यमांवर ती जबाबदारी आली आणि सॅटेलाइट रेडिओसाठी सध्याचा दर उत्पन्नाच्या १५.५ टक्के आहे. कलाकाराला पैसे मिळतात याचा मला आनंदच आहे. तुम्ही फक्त हिशेब करताना ही ओळ आणि राज्याचा कर धरून एकूण आकडा काढा. जाहिरातीतल्या किंमतीपेक्षा तो ठळकपणे जास्त असतो.

वर्गणी आपोआप पुढे चालू राहते आणि सवलत संपली की पूर्ण दराने पैसे कापले जातात. रद्द करणंही पूर्वी सोपं नव्हतं. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलनी डिसेंबर २०२३मध्ये यावरून खटला भरला आणि नोव्हेंबर २०२४मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी रद्द करण्याची कंपनीची पद्धत कायद्यात बसत नाही असा निर्णय दिला. म्हणून वर्गणी घेतल्याच्या दिवशीच फोनच्या कॅलेंडरमध्ये सवलत संपण्याच्या दोन आठवडे आधीची आठवण लावा. त्या दिवशी फोन करून बंद करायचं म्हटलंत की बहुतेक वेळा नवी सवलत समोर येते. आली तर घ्या, नाही आली तर खरोखर बंद करा. बोलताना तारीख, संदर्भ क्रमांक आणि ठरलेली रक्कम लिहून घ्या.

माझा सल्ला असा. ट्रायलचे उरलेले दिवस तुमच्या नेहमीच्या रस्त्यांवर फक्त ‘रिअल जॅझ’ आणि ‘डीप ट्रॅक्स’ आलटून पालटून लावा, आणि गाणं कुठे तुटतं ते गावांच्या नावानिशी टिपा. मोबाइल जिथे जातो ती ठिकाणंही टिपा. मोबाइल नाही आणि रेडिओ चालू आहे असे पट्टे तुमच्या आठवड्याच्या प्रवासात मिळून दोन तासांहून जास्त भरत असतील, तर गाण्यांचं लहान पॅकेज सवलतीत एक वर्षासाठी घ्या. दोन तासांहून कमी भरत असतील, किंवा दोन्ही एकाच जागी बंद पडत असतील, तर घरचे म्हणतात तेच करा आणि ते पैसे चांगल्या ध्वनिमुद्रणांवर घाला. ट्रायल संपल्यावर काही महिने न घेता राहिलात तरी बिघडत नाही. टपालाने आणि ईमेलने आणखी चांगल्या सवलती येतात, आणि पानगळीनंतर सिग्नलही सुधारलेला असतो. नोव्हेंबरपर्यंत थांबायची तयारी असेल तर मी तुमच्या जागी थांबलो असतो.

तुमचे नेहमीचे रस्ते कोणते, यूएस-२१९वरून जाता की आय-७९वरून, ते कळवलंत तर कुठे काय अपेक्षा ठेवायची ते मी आणखी नेमकं सांगू शकेन.